डेम्लो संख्या आणि कापरेकरांचे गणित : एका सतरा-अंकी संख्येचा इतिहास

खडकवासला जलाशयाची उपयुक्त साठवण १.९७ अब्ज घनफूट आहे, असे जलसंपत्तीच्या नोंदींतून सांगितले जाते. हीच साठवण घनमीटरांत मांडली तर सुमारे ५ कोटी ५८ लक्ष हा आकडा येतो आणि लिटरांत मांडली तर सुमारे ५,५७८ कोटी. पाणी तेच, धरण तेच. बदलले ते केवळ एकक. १९१६ साली मुंबई इलाख्यात स्थापन झालेल्या आणि पुढे खडकवासल्यास स्थिरावलेल्या जलसंशोधन संस्थेत संख्या वावरते ती अशा मापाच्या रूपाने. प्रवाहाचा वेग, पाण्याची उंची, प्रतिकृतीचे प्रमाण, ही सर्व मापे एककाशी बांधलेली असतात. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धती आली तेव्हा फूट गेले, मीटर आले आणि जुन्या कोष्टकांतील सर्व अंक एकजात बदलले. त्यामुळे जलशास्त्राचा एकही नियम ढळला नाही. यास्तव १, ९ आणि ७ या तीन अंकांचे परस्परांशी काही गूढ नाते असेल काय, हा प्रश्न कोणत्याही अभियंत्याच्या मनास शिवत नाही, आणि शिवू नये हेच योग्य होय.

शुद्ध गणितात मापाचे एकक नसते. तथापि तेथेही याच जातीची एक शंका उपस्थित होते. संख्या दहाच्या पायावर लिहिणे ही मनुष्याच्या दहा बोटांची देणगी आहे. आठाच्या किंवा बाराच्या पायावर तीच संख्या लिहिली की तिचे सर्व अंक बदलतात. मग अंकांच्या रचनेतून दिसणारे गुणधर्म हे संख्येचे गुणधर्म मानावयाचे, की तिच्या लिपीचे? जी. एच. हार्डी यांनी १९४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आत्मपर ग्रंथात हा प्रश्न निकालात काढला होता. ८७१२ आणि ९८०१ या दोनच चार-अंकी संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत, हे उदाहरण देऊन त्यांनी असा अभिप्राय दिला की, असल्या गोष्टी वर्तमानपत्रांतील कोड्यांस शोभतात. खऱ्या गणितज्ञाला आकर्षून घेईल असे त्यांत काही नाही. हार्डींच्या अधिकारामुळे हा अभिप्राय पुढे अनेकांनी पुराव्यावाचून स्वीकारला. महाराष्ट्रात ज्या एका गणितीचे सारे आयुष्य अशाच संख्यांच्या सहवासात गेले, त्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्या कार्याचे मूल्यमापनही बहुतेक याच अभिप्रायाच्या छायेत झाले आहे. ते मूल्यमापन कितपत न्याय्य आहे, हे ठरविण्यासाठी कापरेकरांच्या प्रारंभीच्या काळातील एक मोठी संख्या विचारार्थ घेणे सोयीचे ठरते. ती संख्या अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

ही सतरा अंकांची संख्या एकापासून नवापर्यंत चढत जाते आणि नवापासून पुन्हा एकापर्यंत उतरते. तिचा आकार ध्यानी यावा म्हणून असे म्हणता येईल की, इतके लिटर पाणी साठविण्यास खडकवासल्याएवढे दोन लक्ष वीस हजारांहून अधिक जलाशय लागतील. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत एकं, दहं येथपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. त्या क्रमाने ही संख्या वाचली तर पहिला १ हा ‘मध्य’ या स्थानी येतो, त्यापुढे अंत्य, जलधी, शंकू, महापद्म अशी उतरण लागते, आणि मधला ९ नेमका अर्बुदाच्या स्थानी बसतो. परार्धाचे स्थान तेवढे रिकामे राहते. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याची नोंद चाळीसगावजवळील पाटणे येथील इ. स. १२०७ च्या शिलालेखात आहे. अर्थात मोठ्या संख्यांची ही नावे महाराष्ट्राच्या भूमीत केवळ पोथीत नव्हती, ती शिकविली जात होती.

याहून जवळचा पूर्वज मात्र भास्कराचार्यांच्या तीनशे वर्षे आधी आढळतो. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या आश्रयाने महावीराचार्य या जैन गणितीने नवव्या शतकाच्या मध्यास ‘गणितसारसंग्रह’ रचला. त्याच्या गुणाकाराच्या प्रकरणात काही उदाहरणे केवळ उत्तराच्या सौंदर्यासाठी योजिली आहेत. १२३४५६७९ ला ९ ने गुणिले असता १११११११११ येतात. १५२२०७ ला ७३ ने गुणिले असता ११११११११ येतात. १४२८५७१४३ ला ७ ने गुणिले असता १००००००००१ येतात. अशा उत्तरांस महावीराचार्य कंठाभरणाची उपमा देतात, कारण ती दोन्ही टोकांकडून सारखीच वाचली जातात. या मालेतील एक उदाहरण येथे विशेष महत्त्वाचे आहे. २७९९४६८१ आणि ४४१ यांचा गुणाकार १२३४५६५४३२१ होतो, आणि त्याचे वर्णन ‘एकापासून सहापर्यंत जाऊन क्रमाने कमी होणारी’ अशा आशयाने केले आहे. वस्तुतः २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आणि ४४१ हा २१ चा वर्ग. ५२९१ आणि २१ यांचा गुणाकार १११११११ नव्हे तर सहा वेळा लिहिलेला एक, म्हणजे ११११११, होय. म्हणजेच महावीराचार्यांची ही कंठी ११११११ चा वर्ग आहे. हा ग्रंथ एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह संपादिला आणि तो १९१२ साली मद्रास येथे छापला गेला.

वेरूळच्या कैलासाचे शिल्प ज्या राजकुलाच्या काळात घडले, त्याच राजकुलाच्या आश्रयाने अंकांची ही शिल्पे घडावीत, हा योगायोग रम्य आहे. परंतु त्यावरून परंपरेच्या अखंडतेचा निष्कर्ष काढण्याचा मोह आवरला पाहिजे. महावीराचार्यांजवळ उदाहरण होते, उपपत्ती नव्हती. आणि कापरेकर या संख्येकडे वळले ते पोथीतून नव्हे, आगगाडीच्या स्थानकावरून.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. माध्यमिक शिक्षण ठाण्यास आणि महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी त्या महाविद्यालयात गणिताची जी प्रतिष्ठा निर्माण केली होती, ती त्या काळीही टिकून होती. भारतीय गणित परिषदेचे, म्हणजे १९०७ साली स्थापन झालेल्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे, ग्रंथालयही प्रारंभीची काही दशके याच महाविद्यालयात होते. स्वतंत्र गणिती निबंधासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक कापरेकरांस १९२७ साली मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळाली येथे शाळामास्तर म्हणून राहिले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नाही. त्यांच्या कार्याचे गुण आणि दोष दोन्ही या एका गोष्टीत सामावलेले आहेत. प्रश्न निवडण्याचे स्वातंत्र्य त्यांना लाभले. प्रश्नास सामान्य रूप देण्याची शिस्त त्यांना कोणी लावली नाही.

तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या डेम्लो नावाच्या स्थानकावर या संख्यांची कल्पना सुचली म्हणून कापरेकरांनी त्यांस ‘डेम्लो संख्या’ हे नाव दिले. १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ या नियतकालिकात त्यांची टिपणी आली आणि १९४८ साली त्यांनी याच विषयावरील पुस्तक देवळालीहून स्वतःच प्रसिद्ध केले. त्यांची व्याख्या व्यापक आहे. ज्या संख्येचे डावा, मधला व उजवा असे तीन भाग पडतात, मधल्या भागात एकच अंक एकदा किंवा अनेकदा येतो, आणि डाव्या-उजव्या भागांची बेरीज केली असता त्याच अंकाची पुनरावृत्ती होते, ती डेम्लो संख्या. २५५३ मध्ये २ आणि ३ यांची बेरीज ५ आणि मध्येही ५. ४७७७३ मध्ये ४ आणि ३ यांची बेरीज ७ आणि मध्येही ७. या कुळातील १, १२१, १२३२१, १२३४३२१ या मालेस ते अद्भुत डेम्लो संख्या म्हणत. वरील सतरा-अंकी संख्या हिची नववी पायरी होय. १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ होते, आणि मध्ये ९ आहेच.

ही माला म्हणजे केवळ एकांनी लिहिलेल्या संख्यांचे वर्ग होत. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, आणि नऊ वेळा लिहिलेल्या एकाचा वर्ग ही सतरा-अंकी संख्या. कारण सोपे आहे. शाळेतील रीतीने असा गुणाकार मांडला की तीच ओळ एकेक घर डावीकडे सरकत नऊ वेळा लिहिली जाते. प्रत्येक उभ्या रकान्यात किती एक आले एवढेच मोजावयाचे असते. मधल्या रकान्यात नऊ येतात, दोन्ही बाजूंस एकेकाने कमी होत जातात, आणि कोठेही हातचा येत नाही. दहा वेळा लिहिलेल्या एकाचा वर्ग करताना मात्र मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा डावीकडे जातो, तेथील नवाचे दहा होतात, त्यापुढील आठाचे नऊ होतात, आणि उत्तर येते ते असे : १२३४५६७९००९८७६५४३२१. ही संख्या एकोणीस अंकांची. परार्धाच्या स्थानासही ओलांडून गेलेली. चढ-उताराची सुंदर कमान येथे मोडली, आणि वरवर पाहणाऱ्यास असे वाटते की, खेळ येथे संपला. परंतु गणित खरे सुरू होते ते येथेच.

त्याकडे वळण्यापूर्वी नवव्या पायरीचा आणखी एक गुण सांगणे अवश्य आहे. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाते तिला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, हे संस्कृत नाव दिले. सतरा-अंकी डेम्लो संख्येतील अंकांची बेरीज ८१ आहे. १११११११११ म्हणजे ९ × १२३४५६७९. म्हणून त्याचा वर्ग ८१ ने भागला जातो आणि भागाकार १५२४१५७८९९७१०४१ येतो. संख्या हर्षद आहे. पहिल्या नऊ पायऱ्यांपैकी किती हर्षद आहेत, असा प्रश्न केला तर उत्तरही लगेच मिळते. न वेळा लिहिलेल्या एकाच्या वर्गातील अंकांची बेरीज न चा वर्ग असते. म्हणून त्या एकांच्या संख्येस न ने भाग जात असेल तरच डेम्लो संख्या हर्षद होईल. असे १, ३ आणि ९ या तीनच ठिकाणी घडते. एकोणीस-अंकी दहावी संख्या हर्षद नाही; तिच्या अंकांची बेरीज ८२, सम आहे, आणि संख्या स्वतः विषम आहे.

आता या वर्गांचे दोन तुकडे करून त्यांची बेरीज पाहावी. मूळ संख्येत जितके एक असतील तितके अंक उजवीकडे ठेवावयाचे आणि उरलेले डावीकडे. १२१ चे तुकडे १ आणि २१, बेरीज २२. १२३२१ चे तुकडे १२ आणि ३२१, बेरीज ३३३. पुढे १२३ आणि ४३२१ यांची बेरीज ४४४४. १२३४ आणि ५४३२१ यांची ५५५५५. आठव्या पायरीवर ८८८८८८८८ आणि नवव्या पायरीवर १२३४५६७८ व ९८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९९ येते. दहाव्या पायरीवर, जेथे कमान मोडली होती, तेथे १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१ यांची बेरीज ११११११११११, म्हणजे दहा एक, येते. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळविले असता तीच संख्या परत मिळते ती ‘कापरेकर संख्या’. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ यांची बेरीज ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ यांची बेरीज २९७. ही त्याची परिचित उदाहरणे. दहा एकांची संख्या या कुळात आपोआप येऊन बसते. नवव्या पायरीवर संख्या हर्षद आहे पण तिचे मूळ कापरेकर संख्या नाही. दहाव्या पायरीवर मूळ कापरेकर संख्या आहे पण वर्ग हर्षद नाही.

हा चमत्कार नव्हे. न वेळा एक लिहून होणाऱ्या संख्येस म म्हणावे आणि दहाच्या न-व्या घातास घ म्हणावे. घ मधून १ वजा केला की न वेळा ९ येतात; म्हणून घ − १ = ९म. म च्या वर्गाचे डावा तुकडा प आणि उजवा तुकडा फ असे भाग केले, तर वर्ग = प × घ + फ = प × (घ − १) + (प + फ). पहिला पद ९म च्या पटीत आहे. म्हणून वर्ग आणि तुकड्यांची बेरीज यांस ९म ने भागले असता बाकी एकच उरते. येथे प्राचीन ‘नवाचा ताळा’ उपयोगी पडतो. कोणत्याही संख्येस नवाने भागून उरणारी बाकी तिच्या अंकांच्या बेरजेच्या बाकीएवढीच असते. हा ताळा दहाव्या शतकातील दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धांतातही आहे. म मध्ये न एक असल्याने म ची बाकी न च्या बाकीएवढी, तिला र म्हणावे (शून्याऐवजी ९ घ्यावा). मग म × म ची ९म शी बाकी र × म. तुकड्यांची बेरीज र × म असेल किंवा त्याहून ९म च्या एखाद्या पटीने अधिक असेल. पण फ हा घ पेक्षा लहान आणि प हा घ च्या ८१ व्या भागापेक्षा लहान. दोन किंवा अधिक अंकांच्या म साठी ही बेरीज १०म पर्यंत पोहोचूच शकत नाही. म्हणून ती नेमकी र × म असते. २२, ३३३, ४४४४ ही माला म्हणजे या एका ओळीच्या सिद्धांताची उदाहरणे होत. आणि केवळ एकांची संख्या कापरेकर संख्या असते ती न ला नवाने भागून बाकी १ उरत असेल तेव्हाच.

सिद्धांत हाती आला की नवीन फळे मिळू लागतात, आणि खऱ्या सिद्धांताची हीच खूण आहे. बेरीज र × म येते, म येत नाही, तेथे म ऐवजी त्याची योग्य पट घ्यावी. र ला ज्या अंकाने गुणिले असता नवाने भागून बाकी १ उरते, त्या अंकाने म ला गुणावे. ११ साठी र = २; दोन पाचे दहा, बाकी १; म्हणून ५५ घ्यावे. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० व २५ यांची बेरीज ५५. ११११ साठी ४ आणि ७ यांचा गुणाकार २८, बाकी १, म्हणून ७७७७. त्याचा वर्ग ६०४८१७२९, आणि ६०४८ व १७२९ यांची बेरीज ७७७७. (हार्डी आणि रामानुजन यांच्या टॅक्सीच्या गोष्टीतील १७२९ येथे अशा वेषात भेटावी, याचे कौतुक मात्र हार्डींच्या कसोटीने वर्तमानपत्रास पाठविले पाहिजे.) १११११ पासून २२२२२, ११११११११ पासून ८८८८८८८८. एकांची संख्या तीनने भाग जाणारी असेल तर मात्र ही युक्ती अडते, कारण ३, ६ किंवा ९ या बाकीस कोणत्याही अंकाने गुणून नवाशी १ ही बाकी आणता येत नाही. १११ ची कोणतीही एक-अंकी पट घेतली तरी ९९९ हे सामान्य उदाहरण सोडून दुसरी कापरेकर संख्या मिळत नाही, त्याचे कारण हेच.

२००० साली डग्लस इयानुची यांनी ‘जर्नल ऑफ इंटिजर सिक्वेन्सेस’मध्ये या विषयाची संपूर्ण उपपत्ती मांडली. दहाच्या न-व्या घातातून १ वजा करून येणारी संख्या परस्परांशी अविभाज्य अशा दोन गुणकांत जितक्या प्रकारांनी फोडता येते, त्या फोडींशी कापरेकर संख्यांचा एकास-एक संबंध आहे, असे त्यांनी दाखविले. दहा एकांची संख्या ११ × ४१ × २७१ × ९०९१ अशी फुटते; ९ आणि ती यांत सामाईक गुणक नाही. नऊ एकांची संख्या ३ × ३ × ३७ × ३३३६६७ अशी फुटते. तिच्यात ९ आधीच लपलेला आहे. हर्षद गुण ज्या नवामुळे आला, त्याच नवाने कापरेकर गुणाचा मार्ग अडविला. एका संख्येतील दोन वैचित्र्ये परस्परविरोधी का आहेत, याचे असे एकच कारण सापडते, तेव्हा त्यांना वैचित्र्य म्हणणे थांबविले पाहिजे.

हार्डींचा मूळ आक्षेप मात्र अद्याप शिल्लक आहे : हे सारे दहाच्या पायाचे कौतुक नव्हे काय? वरील सिद्धतेत दहाचा उपयोग कोठे झाला हे तपासले तर उत्तर मिळते. उपयोग झाला तो एवढाच की, पायातून १ वजा केला असता ९ उरतात. पाया आठ घेतला की नवाची जागा सात घेतो आणि सिद्धता शब्दशः टिकते. आठाच्या पायावर आठ वेळा एक लिहून वर्ग केला असता १२३४५७००७६५४३२१ येतो. त्याचे १२३४५७० आणि ०७६५४३२१ हे तुकडे आठाच्याच पायावर मिळविले की पुन्हा आठ एक मिळतात. पाया दोन घेतला तर नवाची जागा एक घेतो, अट उरतच नाही, आणि केवळ एकांनी लिहिलेली प्रत्येक संख्या कापरेकर संख्या होते. दोनाच्या पायावर एकांनी लिहिलेल्या संख्या म्हणजे दोनाच्या घातातून १ वजा करून येणाऱ्या, युक्लिडपासून चर्चेत असलेल्या संख्या होत. खडकवासल्याची साठवण फुटांतून मीटरांत नेली की १.९७ हे अंक नाहीसे होतात. डेम्लो संख्येचा गुणधर्म पाया बदलला तरी नाहीसा होत नाही, तो नव्या पायाच्या वेषात पुन्हा उभा राहतो.

याच कसोटीवर कापरेकरांच्या सर्वांत प्रसिद्ध शोधाकडे पाहिले असता निर्णय काहीसा उलटा होतो. ६१७४ या स्थिरांकाची घोषणा त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत केली आणि १९५५ साली ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’त त्याविषयी लिहिले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार-अंकी संख्या घ्यावी, अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आणि ही क्रिया पुनःपुन्हा करावी. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेतले तर ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ असा प्रवास होऊन बरोबर सातव्या पायरीवर ६१७४ येते. शोध मनोवेधक आहे यात शंका नाही. परंतु तीन अंकांसाठी ४९५ हा एक स्थिरांक मिळतो, पाच अंकांसाठी एकही मिळत नाही, सहा अंकांसाठी ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन मिळतात. सर्व पायांस आणि सर्व लांबींस लागू होईल असा एकसूत्री नियम येथे हाती लागत नाही. हार्डींचा आक्षेप ६१७४ ला बराचसा लागू पडतो. डेम्लो संख्येला पडत नाही. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि त्यांचे नाव जगभर झाले, पुढे लोकप्रियतेच्या ओघात ६१७४ पुढे आली व डेम्लो संख्या मागे पडल्या. इतिहासाच्या दृष्टीने हा क्रम दुरुस्त करण्याजोगा आहे.

हर्षद संख्यांच्या बाबतीतही असेच म्हणावे लागते. ओळीने येणाऱ्या किती संख्या हर्षद असू शकतात, हा प्रश्न बालिश वाटण्याजोगा आहे. १९९३ साली कूपर आणि केनेडी यांनी दाखविले की वीसपेक्षा अधिक कदापि असू शकत नाहीत, आणि वीस ओळीने येणारे अनंत समूह आहेत. त्यांच्या रचनेतील सर्वांत लहान समूहातील संख्या लिहावयाच्या तर ४४ अब्ज ३६ कोटींहून अधिक अंक लागतील. पुढल्याच वर्षी ग्रंडमन यांनी हा निर्णय कोणत्याही पायास लागू केला : पायाच्या दुपटीहून अधिक नाहीत. येथेही दहा हा विशेष प्रसंग ठरला, पाया ही चल राशी ठरली.

कापरेकरांनी स्वतः ही सामान्य रूपे मांडली नाहीत, हे स्पष्टपणे नोंदविले पाहिजे. त्यांची पुस्तके उदाहरणांनी, कोष्टकांनी आणि नामकरणांनी भरलेली आहेत. सिद्धता आली तर तीही उदाहरणाच्या अंगाने येते. भारतातील काही गणितज्ञांनी त्यांच्या कार्यास क्षुल्लक म्हणून दूर लोटले, यात व्यावसायिक अहंतेचा भाग असेलही, पण त्यास हे एक कारण होते. उलट पक्षी, आक्षेपकांनीही सिद्धतेचा शोध घेतला नाही. वर दिलेली उपपत्ती गाउसच्या १८०१ च्या ग्रंथातील समशेषाच्या कल्पनेपलीकडे काहीही मागत नाही. १९३८ च्या टिपणीनंतर ती कोणत्याही पदव्युत्तर विद्यार्थ्यास एका दुपारी लिहिता आली असती. ती सर्वांगपूर्ण रूपाने लिहिली जाण्यास २००० साल उजाडावे लागले, आणि कापरेकर तर १९८६ सालीच निवर्तले होते. देवळालीच्या शाळामास्तराजवळ निरीक्षण होते आणि विद्यापीठांजवळ साधन होते. दोहोंची गाठ पडण्यास बासष्ट वर्षे लागली.

न ला नवाने भागून बाकी १ उरावी या अटीची दहानंतरची पुढली संख्या एकोणीस आहे. एकोणीस एकांच्या संख्येचा वर्ग सदतीस अंकांचा होतो. उजवीकडील एकोणीस अंक तोडून त्यांत डावीकडील अठरा मिळविले की पुन्हा एकोणीस एक हाती येतात. पडताळ्यास कागद, पेन्सिल आणि नवाचा ताळा एवढे साहित्य पुरे आहे.